टेलचं पाणी

बारा वर्षं फौजेत काढून तो परत आला तेव्हा गावाला पहिला प्रश्न पडला, पंधरा का नाही काढली? पंधरा झाली असती तर जन्मभराचं पेन्शन होतं. बाराला सुटला म्हणजे हाती काय, एक लोखंडी ट्रंक आणि वर्तणूक चांगली असल्याचा कागद. तिसऱ्या दिवशी तो दाढी करायला गेला, तेव्हा न्हाव्यानं साबण लावता लावता सहज म्हटलं, "म्हणजे तीन कमी पडली की!" दुकानात चारजण बसले होते, चौघंही हसले आणि संध्याकाळपर्यंत त्याचं नाव पडलं, तीन कमी. तोंडावर लोक त्याला फौजी म्हणत आणि पाठ वळली की तीन कमी. आपण त्याला फौजीच म्हणू. चिडवायला गाव पुरेसं आहे.

तो आला होता पाटकऱ्याच्या नोकरीसाठी. पाटाचं गेट उघडायचं, बंद करायचं, ज्याची पाळी असेल त्याला पाणी द्यायचं. सव्वीस वर्षं हे काम त्याच्या बापानं केलं होतं. म्हाताऱ्याचे गुडघे गेले, त्यानं काम सोडायचा अर्ज दिला. खात्याचा नियम असा, की अंगानं थकून कोणी बाजूला झाला तर त्याच्या मुलाला ती जागा मिळते, पण वर्षाच्या आत हजर व्हायला हवं. मग सहा महिने परीक्षा. सहा महिन्यांनी साहेब येणार आणि या पाटावरचे अकरा शेतकरी कागदावर सही करणार, की आम्हाला पाणी मिळतं. अकरा सह्या झाल्या की नोकरी पक्की. नाही झाल्या तर तेलही गेलं, तूपही गेलं.

बायकोनं त्याला पहिल्या दिवशी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ट्रंकेतले कपडे उन्हात टाकताना म्हणाली, "आणखी तीन वर्षं मी काढली असती. बारा काढलीच ना?"

"बाबांचे गुडघे बघतेस ना? मी आलो नसतो तर जागा दुसऱ्याला गेली असती."

तिनं शर्ट झटकला. त्याच्याकडे बघितलं.

"म्हणून आलात?"

"मग कशाला?"

"हं," ती म्हणाली आणि पुढचा शर्ट झटकायला घेतला.

कामावर जायच्या आदल्या दिवशी म्हाताऱ्यानं त्याला बाजेजवळ बसवलं. गुडघ्यांवर वाळूची गरम पुरचुंडी होती. "काम सोपं आहे," म्हातारा म्हणाला. "पाणी सोडलंस की पाण्याबरोबर चालायचं. टेलपर्यंत."

टेल म्हणजे पाटाचं शेवटचं टोक. गेटपासून साडेसहा किलोमीटर.

"दरवेळी?"

"दरवेळी. पाणी एकटं सोडायचं नाही. आणि गेटचं हँडल काढून खांद्यावर घ्यायचं. गेटमध्ये ठेवायचं नाही, खोलीतही ठेवायचं नाही."

हँडल म्हणजे गुडघाभर लांबीचा लोखंडी दांडा. तो घालून फिरवल्याशिवाय गेट हलत नाही. वजन असेल सहा-सात किलो. फौजीला मनातून हसू आलं. बापाचे गुडघे का गेले, ते त्याला तिथल्या तिथं कळलं. बारा वर्षांत त्याला एक गोष्ट पक्की शिकवली होती, की काम कमी कष्टात आणि वेळेवर झालं पाहिजे. त्यानं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या पद्धतीनं काम सुरू केलं.

गेटवरच्या खोलीचा त्यानं कायापालट केला. सव्वीस वर्षांची जळमटं काढली. खोलीसमोर पाटाच्या काठचे दगड चुन्यानं रंगवले आणि त्यांच्यावर एक ते अकरा आकडे काढले. खात्याचा पाळ्यांचा तक्ता मळून गेला होता, तो नव्या पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात उतरवला आणि भिंतीला ठोकला. हँडलला ग्रीस लावलं, खोलीत खिळ्यावर टांगलं, खोलीला कुलूप घातलं. पाळी सहाची असेल तर सहाच्या ठोक्याला गेट उघडायचं. दोनला संपत असेल तर दोनला बंद. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही. टेलपर्यंत चालायची त्याला गरज वाटली नाही. मोटरसायकलवर एक फेरी मारली की वीस मिनिटांत सगळा पाट बघून होत होता.

सगळ्यांत खूश झाले ते हेडचे काका. हेड म्हणजे पाटाचं तोंड. काकांचा ऊस गेटला लागूनच होता आणि लांबच्या पाटाच्या गेटशेजारीच त्यांचं स्वतःचं गेट होतं. एक बंद केलं आणि दुसरं उघडलं की पाणी उडी मारून काकांच्या शेतात.

"याला म्हणतात शिस्त," काका तक्त्यापुढं उभे राहून म्हणाले. "तुझा बाप देवमाणूस, पण वेळेचं भान नव्हतं. मला दोनला पाणी मिळायचं ते सहाला. सव्वीस वर्षं ऐकून घेतलं. म्हटलं, जाऊ दे, आपल्याच बरोबरीचा आहे."

फौजी बापाच्या वतीनं ओशाळला. त्या दिवसापासून काका रोज त्याला चहाला बोलवायचे आणि चारचौघांत त्याला नावानं नाही, 'आमचा फौजी' म्हणून हाक मारायचे. तीन कमी म्हणणाऱ्या गावात हे कानाला बरं वाटायचं, नाही कशाला म्हणा!

थंडीचे महिने असे छान गेले. धरणात पाणी होतं, पाट कधी कोरडा पडत नव्हता. गेट उघडलं की आधीच भरलेला पाट थोडा फुगायचा आणि टेललाही लगेच कळायचं. साहेब एकदा येऊन चुन्याचे दगड बघून गेले. "छान," म्हणाले. फौजीला वाटलं, अर्ध्या सह्या तर झाल्याच.

मग ऊन तापलं. वरून पाणी कमी झालं, आवर्तनं, म्हणजे पाणी यायच्या खेपा, लांबली. काकांची पाळी दोन दिवस आणि दोन रात्री चालायची. तेवढ्या वेळात लांबचा पाट तळापर्यंत वाळून त्याला भेगा पडायच्या.

अकरावी पाळी टेलच्या कांदेवालीची होती. पन्नाशीची बाई, अंगानं वाळकी, आवाजानं खणखणीत. नवरा गेल्यावर एकटीनं शेत करत होती आणि दरवर्षी कांदाच लावायची म्हणून तिला सगळे कांदेवाली म्हणत. तिची पाळी सकाळी सहा ते दुपारी दोन; तिच्या आधीही पाणी काकांकडे असायचं आणि नंतरही. फौजीनं सहाला गेट उघडलं, दोनला बंद केलं, तक्त्यावर बरोबरची खूण केली. बारा दिवसांनी पुन्हा तिची पाळी आली, पुन्हा तसंच केलं. दुसऱ्या वेळी मोटरसायकलवर फेरी मारायला गेला तेव्हा टेलजवळचा पाट ओला दिसला. ओला आहे म्हणजे पाणी गेलं, असं समजून तो परत फिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांदेवाली चालत गेटवर आली. साडेसहा किलोमीटर. लुगड्याच्या ओच्यात काहीतरी होतं. ती थेट त्याच्या अकरा नंबरच्या दगडापाशी गेली आणि ओचा तिथं रिकामा केला. सुपारीएवढे कांदे होते. पाती पिवळ्या पडलेल्या, माना टाकलेल्या.

"हे बघ," ती म्हणाली. "पोसायच्या दिवसांत पाणी तुटलं. आता हे एवढेच राहणार."

"मावशी, आठ तास सोडलं होतं पाणी. तक्ता बघा."

"मला वाचता येत नाही."

"मी वाचून दाखवतो. सहा ते दोन."

"सहाला कुठं आलं?"

"म्हणजे?"

"सहाला तुझ्या गेटला आलं. माझ्या बांधाला दहा वाजून गेले तेव्हा आलं. आलं तेसुद्धा करंगळीएवढं. मी वाफे धरतेय, चौथा वाफा झाला नाही तोच आटलं. मला वाटलं कुठं फुटलं असेल, म्हणून मी पाटानं वर वर चालत आले, तर हा पठ्ठ्या खोलीत बसून कुलपाला तेल देतोय! मी काही बोलले नाही तेव्हा. म्हटलं, नवीन आहे, पुढच्या खेपेला येईल. पुढच्या खेपेलाही तेच."

फौजीच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. काका मागं येऊन उभे होते. दोन गडी येऊन उभे होते.

"तक्त्यात जे आहे ते मी दिलं," तो म्हणाला. "एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा, असं मला करता येणार नाही."

"नको करूस," कांदेवाली म्हणाली. "तक्त्यालाच लाव कांदे. आणि साहेब आला की त्याला सांग, अकरावी सही मिळणार नाही म्हणून."

ती निघून गेली. गडी हसू दाबत होते. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "टेलवाल्यांची रड कायमचीच असते. तू तुझं सोडू नकोस." फौजीनं ते कांदे उचलले, टाकायला कुठं जागा दिसेना म्हणून खिशात घातले.

घरी आला तेव्हा बायको तव्यावर वाळू गरम करत होती. खिशातले कांदे त्यानं तिच्यापुढं ठेवले आणि झालेलं सांगितलं. सांगताना आवाज चढत गेला. मी कोणाचं घेतलं नाही, कोणाला जास्त दिलं नाही, आणि तरी मलाच! बाजेवरून म्हातारा सगळं ऐकत होता.

"चाललास का पाण्याबरोबर?" त्यानं विचारलं.

"बाबा, चालून पाणी जास्त होतं का?"

"हो."

फौजी बाजेकडे वळला.

"कोरडा पाट आधी स्वतः पितो," म्हातारा म्हणाला. "मग खेकडे पितात, उंदीर पितात, मधला कोणी मातीचा बोळा काढून हळूच चूळभर घेतो. आपण बरोबर असलो की बिळं बुजवत जातो. सोडलेलं पाणी चार तासांनी टेलला पोचतं आणि बंद केलेलं अर्ध्या तासात आटतं. तक्ता करणारा साहेब गेटवर बसून करून गेला होता. तिथं घड्याळ बरोबरच चालतं."

"मग तुम्ही काय करायचात?"

"तिच्या बांधाला पाणी लागलं की तिथून आठ तास मोजायचो."

"आणि ते चार तास काकांचे जायचे."

"त्यांचं पाणी दारातच आहे. त्यांना चार तास म्हणजे काय, पंगतीत उशिरा वाढलं एवढंच. तिला म्हणजे उपास."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं. पाण्याबरोबर चाल म्हटलं होतं. तू मान डोलावलीस."

बायकोनं गरम वाळू फडक्यात बांधली आणि म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर ठेवली. फौजी उठून बाहेर गेला. त्याला राग आला होता, आणि राग कोणावर काढावा हे कळत नव्हतं म्हणून जास्तच आला होता. फौजेत चूक झाली की वरचा ओरडायचा, शिक्षा मिळायची, विषय संपायचा. इथं कोणी ओरडत नव्हतं. कांदे तेवढे वाळत होते.

कांदेवालीची उन्हाळ्यातली तिसरी पाळी आली. शेवटची. यानंतर कांदा काढायचा आणि यानंतर आठ दिवसांनी साहेब यायचे होते.

सहाला त्यानं गेट उघडलं. हँडल काढलं, खांद्यावर टाकलं, दुसऱ्या हातात फावडं घेतलं आणि पाटात उतरला. पाणी भेगाळलेल्या तळावरून पुढं सरकायला लागलं. पुढं काड्या, वाळली पानं, मेलेले किडे यांचा फेस, मागं पाणी. तो चालायला लागला आणि दहा पावलांत पाण्याच्या पुढं गेला. थांबला. पाणी आलं. पुन्हा चालला, पुन्हा पुढं गेला. बारा वर्षं त्याला भरभर चालायला शिकवलं होतं. हळू चालणं इतकं अवघड असेल असं त्याला वाटलं नव्हतं. मांड्या भरून आल्या, पाठ आखडली.

पहिल्या वळणावर पाणी अचानक घटलं. वाकून बघतो तर कडेला खेकड्याचं बीळ, त्यातून गटागटा आवाज येतोय. गवत उपटून बोळा केला, आत कोंबला, वर फावड्यानं माती चोपली. पुढं आणखी एक. मग एका ठिकाणी उंदरांनी बांध पोखरून पार चाळण केली होती, तिथं अर्धा तास गेला. बूट चिखलात रुतायला लागले म्हणून काढून गळ्यात अडकवले. पायांना टोचत होतं. आठ वाजता हँडलनं खांदा सोलवटला, म्हणून ते दुसऱ्या खांद्यावर घेतलं. त्याला मोजायची सवय होती, म्हणून बिळं मोजत होता. एकतीस झाल्यावर मोजणं सोडून दिलं. हे सव्वीस वर्षं, दर पाळीला! बाप घरी आला की ओसरीवर पाय सोडून बसायचा आणि आई म्हणायची, दिवसभर नुसता पाटाकाठी फिरतो, आणि दमतो बघा कसा. तोही तेव्हा हसायचा. ते आठवून त्याला लाज वाटली.

दहाला दहा मिनिटं कमी होती तेव्हा पाणी टेलला पोचलं. चांगलं पोटरीएवढं होतं. कांदेवाली फावडं घेऊन बांधावर उभी होती. तिनं पाण्याकडे बघितलं, मग त्याच्या पायांकडे.

"आलास का?"

"आलो."

"बस. पाणी पी."

तो बसला नाही. तिच्याबरोबर वाफे धरायला लागला. ती एक वाफा फोडायची, तो दुसरा बुजवायचा. माती पाणी पिताना बारीक सुर्र आवाज येत होता. सावली आखडली, ऊन डोक्यावर आलं. निम्मं शेत झालं तेव्हा घड्याळात एक वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

सव्वादोनला काठानं मोटरसायकल आली. काका उतरले, घाम पुसला.

"फौजी, वेळ झाली ना रे? मी गेटवर वाट बघतोय. हँडल कुठंय?"

हँडल त्याच्या पाठीमागं बांधावर पडलं होतं.

"काका, इथं पाणी दहाला लागलं. सहाला बंद करतो."

"तक्त्यात दोन आहे. तूच लिहिलंयस. मोठ्या अक्षरात."

"चुकलं माझं."

काकांनी आवाज खाली आणला. ते वाईट माणूस नव्हते, हेही सांगायला हवं. उन्हात त्यांचा ऊसही होरपळत होता. "हे बघ, मी तुझ्या भल्याचं सांगतो. आठ दिवसांनी साहेब येतोय. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. ही बाई सही करेल, न करेल. मी नाही केली तर मधले दोघं-तिघं माझ्याकडे बघून करतात. तिकडचं पेन्शन सोडून आलास. इकडचंही घालवणार का?"

फौजी उभा राहिला. फौजेतलं गेलं ते गेलंच, तिथं कोणी परत घेणार नव्हतं. वय पस्तीस. हातात दुसरं कसब नाही. घरी बायको, म्हातारा. हो म्हणायला फक्त हँडल उचलून मोटरसायकलवर बसायचं होतं. त्यानं मागं वळून बघितलं. कांदेवालीचं फावडं थांबलं होतं, आणि न भिजलेले वाफे पांढरे दिसत होते.

"सहाला येतो, काका," तो म्हणाला. "धावत येतो."

काकांनी मोटरसायकलला तीनदा लाथ मारली तेव्हा ती सुरू झाली.

आणखी चार वाफे भिजले. मग कांदेवाली फावड्यावर टेकली. "तुझ्या बापानं हे ऐकलं तर खूश होईल. त्यानं तुझ्यासाठीच तर सोडलं सगळं."

"गुडघ्यांसाठी सोडलं, मावशी."

"गुडघे दुखतात, नाही कोण म्हणतंय! पण शेवटच्या पाळीला इथवर चालत आला तो. त्या तिथं बसला, तांब्याभर पाणी प्यायला, आणि उठून चालत परत गेला. अजून दोन वर्षं आरामात काढली असती. मी म्हटलं, मग आत्ताच का सोडताय? तर म्हणाला, पोराला परत यायला जागा करून ठेवतोय."

फौजीच्या हातातला वाफा फुटून पाणी भलतीकडे गेलं.

"अरे, बघ बघ, तिकडे!" कांदेवाली ओरडली.

सहाला शेवटचा वाफा भिजला. तो खरंच धावत गेला. हँडल खांद्यावर घेऊन, अनवाणी.

साहेब ठरल्या दिवशी आले. गेटवरच्या खोलीसमोर टेबल मांडलं होतं. एकेक जण येऊन सही करून गेला. मधल्यांपैकी दोघं काकांकडे बघून घुटमळले, पण कांदेवाली तिथंच कंबरेवर हात ठेवून उभी होती, तिच्याकडे बघून त्यांनी सही करून टाकली. तिनं स्वतः अंगठा उठवला. दहा झाले. काका खुर्चीवर बसून राहिले.

"काका, तुमची?" साहेबांनी विचारलं.

"याला एक विचारा. पुढच्या उन्हाळ्यात तक्त्याप्रमाणे बंद करणार का? हो म्हणाला तर आत्ता करतो."

साहेबांनी फौजीकडे बघितलं.

"नाही साहेब," फौजी म्हणाला. "टेलला पाणी लागल्यापासून मोजणार. तक्ता बदलायला हवा."

"तक्ता वरून बदलतो. अर्ज दे. लागेल वेळ." साहेबांनी टोपण लावलं. "पण सह्या अकरा हव्यात. दहा आहेत."

"माझा अंगठा दोनदा घ्या," कांदेवाली म्हणाली. "दोन्ही हातांचे देते."

सगळे हसले, साहेबही हसले, पण कागद काही हसत नाही. त्यांनी त्याच्यावर तिरकं लिहिलं, परीक्षेचा काळ आणखी सहा महिने. पुढच्या वेळीही अकरा झाल्या नाहीत तर जागा जाहीर करावी लागेल, असं तोंडानं सांगितलं आणि गेले.

फौजी घरी आला तेव्हा ऊन कलत होतं. बायको ओसरीवर धान्य निवडत होती. म्हातारा बाजेवर पाय लांब करून बसला होता.

"दहाच झाल्या," तो म्हणाला. "सहा महिने वाढवलेत. मग काय होईल माहीत नाही."

"अकरावी कोणाची ते विचारत नाही," म्हातारा म्हणाला. "पाणी पोचलं होतं ना?"

"पोचलं होतं."

"मग झालं."

फौजी बाजेच्या पायाशी खाली बसला. आठ दिवस तो हे तोंडात घोळवत होता. "बाबा, तुम्ही अजून दोन वर्षं चालला असता."

"कांदेवालीनं सांगितलं? त्या बाईच्या पोटात काही राहायचं नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू तरी कुठं सांगितलंस?"

बायकोचा हात सुपावर थांबला.

"मी काय सांगायचं होतं? मी तुमच्यासाठी आलो."

म्हाताऱ्यानं गुडघे चोळले. "गेल्या वर्षी तू फोन केला होतास," तो म्हणाला. "पीकपाणी विचारलंस, सूनबाईची तब्येत विचारलीस. मग म्हणालास, बाबा, आपल्या घराचं दार आत उघडतं का बाहेर? मला वाटलं, चेष्टा करतोयस. मी हसलो. तू हसला नाहीस. तू उत्तराची वाट बघत राहिलास."

फौजी खाली बघत होता.

"मी सांगितलं, आत उघडतं. तू म्हणालास, बरं. आणि फोन ठेवलास. मी हिला म्हटलं, पोराला आता घरी आणायला पाहिजे. बोलावलं तर यायचा नाही, लाज वाटेल त्याला. काहीतरी निमित्त हवं. दुसऱ्या दिवशी हिनं अर्ज लिहिला, मी सही केली."

फौजीनं बायकोकडे बघितलं. "तूच लिहिलास? मग मला का म्हणालीस, आणखी तीन वर्षं काढली असती म्हणून?"

"म्हणाले," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज साधाच होता. "वाटलं, चिडाल आणि खरं बोलाल. सहा महिने वाट बघतेय."

त्याला बोलायचं होतं, पण त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बारा वर्षांत तो असा कोणासमोर रडला नव्हता. म्हाताऱ्यानं बाजेवरून हात खाली सोडला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. बायको सूप बाजूला सारून उठली, त्याच्याजवळ येऊन जमिनीवर बसली.

"सांगा आता," ती म्हणाली. "आम्हाला कुठं जायचं नाहीये."

"रात्री पहाऱ्यावर उभा असायचो, घर डोळ्यांपुढं आणायला बघायचो," तो म्हणाला, "एका रात्री आपलं दार कसं उघडतं तेच आठवेना," आणि पुढचं सांगायला लागला.